औषध की मिठाचं पाणी

२ ऑक्टोबर २०२२
आल्टो लेक, मिनेसोटा

रैनो,

तुझा फोन बंद आहे. तुमच्या कंपनीत फोन केला की एक पोरगी दर वेळी गोड आवाजात सांगते, "रैनो कांगास सध्या फिरतीवर आहेत." जूनपासून फिरतीवर! एवढी फिरती पोस्टमनलाही नसते. मागच्या नाताळच्या कार्डावर तू फ्लॉरिडातल्या टपालपेटीचा नंबर घातला होतास, त्यावर हे पाठवते आहे. पोचलं तर पोचलं.

डॉटी झुपान काल घरी आली. डुलुथच्या इस्पितळात तिचा सगळा उन्हाळा गेला. तुला कुठवर ठाऊक आहे ते मला माहीत नाही, म्हणून पहिल्यापासून सांगते. जूनमध्ये हायवेवरच्या हॉटेलात तू तुमच्या औषधासाठी लोकांना जेवण दिलंस, तळलेले मासे, कोबीची कोशिंबीर, आणि पडद्यावर चित्रं. दुसऱ्या दिवशी त्याच हॉटेलच्या खोलीत तुमच्या नर्सने डॉटीच्या उजव्या गुडघ्यात सुई दिली. तिसऱ्या दिवशी तिला ताप भरला. तिला वाटलं, औषध काम करतंय. तूच सांगितलं होतंस ना, की थोडी कणकण आली तर घाबरू नका? आठवड्याच्या शेवटी मी तिच्याकडे अंडी द्यायला गेले तर ती स्वयंपाकघरात जमिनीवर पडलेली. गुडघा भोपळ्यासारखा झाला होता आणि ती मला आपली आई समजून स्लोव्हेनियनमध्ये बोलत होती.

विष रक्तात गेलं होतं. त्यातून वाचली. गुडघा वाचला नाही. तीनदा उघडला, शेवटी सांधाच काढला आणि सळई घालून पाय सरळ बसवला. आता तो वाकत नाही, वाकणारही नाही. घरात कुबड्या, बाहेर चाकाची खुर्ची.

ही ती शेजारची डॉटी, जी बाबांनी तुला घराबाहेर काढलं की दार उघडून म्हणायची, "ये, पण बूट बाहेर." हे तुला सांगायला नको.

मी तिला विचारलं, "रैनोला काही निरोप?"

म्हणाली, "सांग, मेली नाही."

माझ्या पायाचं तू विचारणार नाहीस, तरी सांगते. आहे तसाच आहे. बसच्या पायरीवरून बर्फात पडून मोडलेलं घोट्याचं हाड कधीच जुळलं. एक्स-रे फोटोत चांगलं दिसतं. पण आग थांबत नाही. चादर लागली तरी उकळतं पाणी सांडल्यासारखं होतं. शाळेची बस चालवणं गेलं, आता मी गॅरेजात बसून रेडिओवर बाकीच्यांना रस्ते सांगते. पोरांचा गोंगाट नसल्यामुळे दिवस फार लांब वाटतो.

त्या जेवणाच्या वेळी तू सगळ्यांसमोर म्हणालास, "पहिली सुई माझी बहीण घेणार, फुकट!" आणि मी खुर्चीतूनच म्हटलं, "बहीण घेणार नाही." लोक हसले. तुझे कान लाल झाले. तू त्यासाठी अजून रुसला असशील तर रूस. मी तुला साधं विचारलं होतं, बाटलीत आहे काय? तू म्हणालास, पेशींतून निघणाऱ्या इवल्या पिशव्या, दुखणं मुळापासून काढतात. कोणाच्या पेशी? तर म्हणे कंपनीचं गुपित. जे गुपित आहे ते मी पायात घालून घेत नाही.

आता हसशील. मिनियापोलिसच्या विद्यापीठात ह्याच पिशव्यांवर प्रयोग चाललाय, माझ्यासारख्या दुखण्यावर. मी नाव दिलं आणि त्यांनी मला घेतलं.

आयली


२० नोव्हेंबर २०२२

रैनो,

पहिलं पत्र परत आलं नाही, म्हणजे पेटी अजून तुझीच आहे.

हरणांच्या शिकारीचे दिवस आहेत. सगळं गाव नारिंगी जाकिटात फिरतंय आणि गॅरेजात निम्मे ड्रायव्हर "आजारी" आहेत. अशात मी मिनियापोलिसला जाऊन आले. बसने चार तास, पाय समोरच्या सीटखाली, मोजा न घालता.

प्रयोगाच्या मुख्य डॉक्टरचं नाव माय ली वांग. सेंट पॉलची आहे, लाओसहून आलेल्या ह्मोंग घरातली. आई अजून शनिवारी बाजारात भाजी विकते म्हणे. वय एवढंच की माझ्या बसमध्ये बसून शाळेत गेली असती. तिने माझा पाय पाहिला, आणि हात लावायच्या आधी विचारलं, "लावू का?" चार वर्षांत मला हे कोणी विचारलं नव्हतं.

मी म्हटलं, "त्या पिशव्यांचं मला नीट सांगा. माझ्या भावाने सांगितलंय, पण मला ते कळलं नाही."

"तुमच्या गावात कोणाकडे मयत झालं तर शेजारी काय करतात?"

"जेवणाची भांडी पाठवतात. बटाटे, खिमा, चीज. आठवडाभर त्या घरात चूल पेटवावी लागत नाही."

"शरीरातल्या पेशीही तेच करतात," ती म्हणाली. "एकमेकींना झाकलेली भांडी पाठवतात. इतकी लहान, की केसाच्या जाडीत हजारभर मावतील. आत थोडी सामग्री असते आणि निरोपही असतो. काही पेशींचा निरोप असा असतो की सूज उतरवा, शांत व्हा. तुमच्या पायाला झालंय काय, तर आग कधीच विझली, पण भोंगा वाजायचा थांबत नाहीये. आम्ही त्या शांत करणाऱ्या पेशी काचेत वाढवतो, त्यांनी पाठवलेली भांडी गोळा करतो, धुतो, तपासतो आणि तुमच्या पायाच्या नसांजवळ सोडतो."

"मग भोंगा थांबतो?"

"उंदरांचा थांबला. माणसांचं माहीत नाही."

'माहीत नाही' हे ती त्या तासाभरात इतक्या वेळा म्हणाली, की मला तुझी आठवण आली. तू एकदाही म्हणाला नव्हतास.

मग तिने सांगितलं की अर्ध्या लोकांना खरं औषध मिळेल आणि अर्ध्यांना नुसतं मिठाचं पाणी. कोणाला काय, हे शेवटपर्यंत कोणालाच कळणार नाही, तिलाही नाही. मी म्हटलं, "म्हणजे मी चार तास बसने येऊन मिठाचं पाणी टोचून घेणार?"

"शक्य आहे. म्हणून आधीच सांगतेय. नको असेल तर आत्ता उठून जा, मी रागावणार नाही."

उठले नाही.

शेवटी तिने विचारलं, ह्याआधी अशी सुई कुठे घेतली आहे का? मी म्हटलं, नाही, पण माझा भाऊ विकतो. ती लिहायची थांबली. मला वाटलं आता शिकवणी सुरू होणार. पण तिने एवढंच विचारलं, "कोणाला काही झालं?"

मी डॉटीचं सांगितलं. तिने पेन खाली ठेवलं. मग म्हणाली, "आमच्या आणि त्यांच्या बाटलीवर नाव एकच असतं. मला सगळ्यात जास्त त्याचीच भीती वाटते. तुमच्या शेजारणीसारखी आणखी चार माणसं झाली, की खऱ्या औषधालाही कोणी दारात उभं करणार नाही."

माझ्याबरोबर वॉल्ट बेनेस म्हणून एक गृहस्थ आहेत, इथल्या मूळच्या ओजिब्वे जमातीचे, कागद गिरणीच्या यंत्रात हात सापडलेले. सुई झाल्यावर आम्ही दोघं बाकावर बसलो होतो. ते म्हणाले, "बाई, मिठाच्या पाण्याने आपल्यातलं एक तर लोणचं झालंय." मला इतकं हसू आलं की नर्स बघायला आली.

तू कसा आहेस ते कळव. रागावलेला असशील तर तसं कळव.

आयली


२२ जानेवारी २०२३

रैनो,

हे पत्र मी दोनदा लिहून फाडलं. आता सरळ लिहिते.

सरकारी तपासाची दोन माणसं मंगळवारी घरी आली. एक बाई आणि एक तरुण. बाहेर इतकी थंडी होती की तरुणाच्या भुवयांवर बर्फ होतं. मी कॉफी दिली, वेलदोड्याचा पाव दिला. त्यांनी सांगितलं, अशी फक्त डॉटी नाही, विस्कॉन्सिनात आणि दोन्ही डकोटांत मिळून आणखी माणसं आहेत. फार्गोचा एक म्हातारा गेला.

त्यांनी विचारलं, जेवणाच्या वेळी तुमचा भाऊ काय म्हणाला? मी जे ऐकलं ते सांगितलं. तू म्हणालास की हे औषध सरकारमान्य आहे. तू म्हणालास की ह्याने आजवर कोणालाही अपाय झालेला नाही. तू म्हणालास की आज नाव दिलं नाही तर पुढची फेरी वर्षाने. डॉटीने माझ्या शेजारी बसून सुईच्या पैशांसाठी नवऱ्याची, फ्रँकची, बोट विकायचं ठरवलं, तेही मी सांगितलं. न्यायालयात सांगावं लागलं तर तिथेही सांगेन.

हे तुला दुसऱ्याकडून कळू नये म्हणून लिहिते आहे.

त्या बाईने मला बजावलं, "भावाशी बोलू नका असं आम्ही म्हणत नाही, पण त्याला काय बोलायचं ते शिकवू नका." मी म्हटलं, "त्याला आजवर कोणी काही शिकवू शकलंय का?" ती हसली नाही.

जाताना एक गोष्ट तिने सांगितली, ती तुझ्या कानावर असावी. तुमचा तो मालक, हॉल्स्टन, म्हणतोय की आम्ही कधीच असे दावे केले नाहीत. विक्रेत्यांनी आपल्या मनाने केले. त्याच्याकडे वकिलांची फौज आहे. तुझ्याकडे काय आहे?

डॉटीच्या दारात लाकडी उतार बांधून झाला. चर्चमधल्या माणसांनी बांधला. त्यावर बर्फ साचतं आणि रोज कोणीतरी काढावं लागतं. मला पायामुळे जमत नाही. आम्ही दोघी खिडकीत बसून बर्फाला शिव्या देतो. ती स्लोव्हेनियनमध्ये देते, मी फिनिशमध्ये. बर्फाला दोन्ही कळत नाहीत.

पायाचं अजून काही सांगण्यासारखं नाही.

आयली


११ फेब्रुवारी २०२३
टँपा, फ्लॉरिडा

आयली,

तिन्ही पत्रं मिळाली. फाडली नाहीत, एवढं पुरे समज.

तू सरकारला काय सांगितलंस ते कळवल्याबद्दल आभार. दुसऱ्या कोणाची बहीण असती तर निदान एकदा म्हणाली असती, मला काही आठवत नाही. तुझं डोकं म्हणजे बसचं वेळापत्रक, एक मिनिट इकडचं तिकडे होत नाही.

मला ठाऊक होतं आणि तरी मी विष विकलं, असं तुला वाटतं का? खरं सांग. मी स्वतः कमरेत दोनदा घेतलंय. लाकूडतोडीत गेलेली माझी कंबर तुम्हा कोणाला कधी दिसली नाही. बाबा म्हणायचे आळशी आहे, आणि त्यावर विषय संपायचा. पहिल्या सुईनंतर मी आठवडाभर वाकून बुटाच्या नाड्या बांधल्या. वाकून, आयली! बाथरूममध्ये बसून रडलो. मग मी ते विकायला लागलो. मी माझ्या अंगावर पाहिलं तेच विकलं. जुन्या गाड्या विकताना मी कधी इतका प्रामाणिक नव्हतो.

आणि तू तिकडे तेच घेतेस. पिशव्या त्याच, फक्त तुझ्या डॉक्टरणीच्या भिंतीवर पदवी टांगलेली. तिने दिलं की विज्ञान, मी दिलं की गुन्हा.

हॉल्स्टनचं माझं मी बघेन.

डॉटीला भेटायला निघालो होतो सप्टेंबरात. डुलुथच्या विमानतळापर्यंत आलो. पुढचं विचारू नकोस.

रैनो


५ मार्च २०२३

रैनो,

तुझं अक्षर अजून शाळेतल्यासारखंच आहे, 'y' ची शेपटी खालच्या ओळीत. पाकीट बघूनच ओळखलं आणि कोट न काढता दारातच उभं राहून वाचलं.

कमरेचं मला खरंच माहीत नव्हतं. तू कधी बोलला नाहीस आणि आपल्या घरात बोलायची पद्धत नव्हती. आईचे दात दुखायचे तर ती भांडी जोरात घासायची, बस. तू कामं का सोडत गेलास ते आता कळलं. तू वाकून नाड्या बांधल्यास हे मी चार वेळा वाचलं. मला विचार, मोजा घालता येणं म्हणजे काय असतं ते मला कळतं.

म्हणून तुला हे सांगायचं आहे. माझा पाय थोडा सुधारलाय. डॉक्टर वांग शून्य ते दहा असं विचारते. मी आठ म्हणायचे, आता सहा म्हणते. परवा मी पायावर चादर घेऊन झोपले. सकाळी उठले तेव्हा लक्षात आलं की चादर अंगावरच आहे, आणि मी कितीतरी वेळ हललेच नाही, हलले तर खोटं ठरेल म्हणून. वॉल्टचा हात आहे तिथेच आहे. तो म्हणतो, "ठरलं, लोणचं मीच." मला वाईट वाटतं आणि आतून आनंदही होतो, दोन्ही एकदम.

पण तू विचारलंस की तुझ्या सुईत आणि तिच्या सुईत फरक काय. मला तेव्हा उत्तर आलं नाही. अजून नीट येत नाही. डॉटीच्या गुडघ्यातून काढलेले जंतू आणि तुमच्या न फोडलेल्या बाटल्यांतले जंतू एकच निघाले, हे मला तपासवाल्या बाईने सांगितलं. हा एक फरक झाला. पण तू तेवढंच विचारत नाहीयेस हे मला कळतं.

विमानतळाचं डॉटीला सांगितलं. सांगू नये असं तू लिहिलं नव्हतंस.

ती म्हणाली, "विमानतळ डुलुथला आहे. मी इथे राहते."

थोड्या वेळाने म्हणाली, "सप्टेंबरात? तेव्हा मी तिथेच होते की. इस्पितळ विमानतळापासून दहा मिनिटांवर." आणि खिडकीबाहेर बघत बसली.

आयली


१८ जून २०२३

रैनो,

हे तुझ्या वकिलाच्या पत्त्यावर पाठवते. तू डुलुथमध्ये खोली घेतलीस आणि टायरच्या दुकानात गल्ल्यावर बसतोस, हे मला चर्चमध्ये कळलं. गावात आपल्याबद्दलची बातमी आपल्याला सगळ्यात शेवटी मिळते.

हॉल्स्टनच्या प्रकरणात तुझी साक्ष झाली. डॉटीच्या वकिलाने तिच्या स्वयंपाकघरात बसून ती वाचून दाखवली. मी तिथेच होते.

बाटल्या गोठलेल्या यायला हव्या होत्या. त्या साध्या कुरियरने यायच्या आणि खोकं उघडलं की आत कोमट पाणी असायचं. तू हॉल्स्टनला फोन केलास. तो म्हणाला, "टोचून टाका, पुढच्या गावच्या वेळा दिल्या आहेत." तू नर्सला तसं सांगितलंस. इथपर्यंतचं त्यांनी तुला विचारलं होतं. पुढचं विचारलं नव्हतं. आल्टो लेकला आलेलं खोकं त्यातलंच होतं, आणि ते उघडताना तुला डॉटी बाहेरच्या बाकावर बसलेली दिसत होती, हे तू आपणहून सांगितलंस.

वकील थांबला. डॉटी म्हणाली, "तेवढंच परत वाचा."

त्याने परत वाचलं.

मला इतका राग आला की मी तिथून उठले. मार्चमध्ये तुझ्या नाड्यांसाठी मी रडले होते, ते अश्रू परत मागावेसे वाटले. तू विश्वासाने विकत होतास हे मी धरून चालले होते आणि ते खरंही आहे. पण त्या सकाळी, त्या खोक्यापुरता, तुझा विश्वास नव्हता. तुला शंका आली होती. शंका आलेल्या माणसाने बाहेर येऊन एवढंच म्हणायचं होतं, "डॉटी, आज नको."

मी परत आत आले तेव्हा वकील गेला होता. डॉटीने कॉफी ओतली होती.

"त्याने हे मला इथे येऊन सांगितलं असतं तर मी कुबडी हाणली असती," ती म्हणाली. "साहेबांसमोर सांगून बसला. आता हाणताही येत नाही."

"तुला राग नाही आला?"

"अगं, रागाचं काय विचारतेस! पण कोणी विचारलं नसताना बोलला ना? हॉल्स्टन तर विचारूनही बोलत नाहीये." मग तिने पाव कापला.

सरकारने तुझ्याशी तडजोड केली, तुला तुरुंग नाही, औषधाच्या धंद्यात मात्र पुन्हा पाऊल टाकायचं नाही, असं ऐकलं. बरं झालं, दोन्ही.

ह्या पत्राला उत्तर लिहू नकोस. मला अजून थोडा वेळ हवा आहे.

आयली


१० सप्टेंबर २०२३

रैनो,

मी वेळ मागितला, तू दिलास. मी मागितलं आणि तू दिलंस, असं आजवर हे पहिलंच.

शुक्रवारी डॉक्टर वांगने कोणाला काय दिलं त्याची पाकिटं उघडली. वॉल्टला आधी आत बोलावलं. तो बाहेर आला, माझ्याकडे बघितलं आणि टोपी काढून डोकं खाजवायला लागला. त्याला खरं औषध मिळालं होतं. हात तसाच.

मला मिठाचं पाणी.

मी तिला म्हटलं, "पण माझा पाय सुधारला!"

"हो," ती म्हणाली. "मीच मोजला ना."

"मग मी काय ढोंग करत होते?"

"अजिबात नाही. चादर तुम्ही खरीच घेतलीत. शरीराला वाटलं की आता मदत येतेय आणि त्याने थोडा भोंगा उतरवला. असं होतं, कितीतरी जणांचं होतं. म्हणूनच तर पाणी द्यावं लागतं, नाहीतर मला कळणार कसं की माझं औषध काम करतंय की तुमची आशा?"

सगळ्यांचं मिळून काय निघालं ते विचारलं. औषधवाल्यांचं दुखणं पाणीवाल्यांपेक्षा जरा जास्त उतरलं. जरा. माणसं थोडी होती, म्हणून नक्की सांगता येत नाही. कोणाला अपाय झाला नाही. आता मोठा प्रयोग करणार. तिचा चेहरा पडलेला वाटला, तर म्हणाली, "नाही हो, मला 'जरा' सुद्धा पुष्कळ आहे. शून्य येईल अशी तयारी होती."

परतीच्या बसमध्ये मी सारखा तुझा विचार करत होते. तू मनात म्हणशील, बघ! आयलीला नुसत्या पाण्याने बरं वाटलं, मग माझ्या सुईने ज्यांना बरं वाटलं त्यांचं काय वाईट झालं? माझ्या नाड्यांचं काय? ते पाणी होतं की औषध, की माझी आशा, मला कधी कळणारच नाही.

तुझ्या नाड्या खऱ्या आहेत, रैनो. जशी माझी चादर खरी, तशाच. त्या तुझ्याकडून कोणी काढून घेत नाही.

पण फेब्रुवारीत तू जो फरक विचारला होतास, तो मला आता सांगता येतो. मला पाणी टोचलं, पण त्यांनी आधी सांगितलं होतं की हे पाणी असू शकतं. नको असेल तर उठ, म्हणाले होते. मी डोळे उघडे ठेवून बसले. आणि ते पाणी स्वच्छ होतं. डॉटीला तू तेवढंही दिलं नाहीस. दोन बाटल्यांत पिशव्या त्याच होत्या असं समजू, तरी हा फरक उरतोच. ह्याहून जास्त मला कळत नाही, आणि हेही तुला दुखवायला लिहीत नाही. तू विचारलं होतंस म्हणून.

आता कामाचं. ज्यांना पाणी मिळालं त्यांना हवं असेल तर खरं औषध देणार आहेत. मी हो म्हटलंय. सहावरून पाचावर येईल, नाहीतर सहावरच राहील. कदाचित आता पाणी होतं हे कळल्यामुळे परत आठावर जाईल, तेही डॉक्टर वांग म्हणाली. बघू.

अडचण अशी की ह्या वेळी डॉटीला बरोबर यायचं आहे. म्हणते, "त्या बाईला मला विचारायचंय, बाटली कशी धुतात, कशी गोठवतात, सगळं. माझ्या गुडघ्याला तेवढं कळायचा हक्क आहे." बसमध्ये तिची खुर्ची चढत नाही. मी तेवढ्या लांब अजून गाडी चालवू शकत नाही. तुझ्याकडे दुकानाची गाडी असते असं ऐकलं.

मी तिला विचारलं, "रैनोला बोलवू?"

तिने कपातली कॉफी संपवली. मग म्हणाली, "बोलव. पण मी पुढे बसणार, त्याच्या शेजारी. पाय माझा लांब करूनच ठेवावा लागतो. त्याला रस्ताभर दिसू दे."

तेव्हा येत्या गुरुवारी सकाळी सातला तिच्या दारात ये. उतारावरून खुर्ची तूच खाली आणायची आहेस, कंबर सांभाळून. मी मागे बसेन. चार तासांचा रस्ता आहे. ती बोलेल, तू ऐक.

आयली